पाठ्यपुस्तकामागचा व्यवहार : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शैक्षणिक प्रकाशन या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे कोल्हापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतील आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या विषयावर मराठीत फारसे लिहिले जात नाही.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक होतो. आमच्या लहानपणी क्रमिक पुस्तके निरनिराळ्या प्रकाशकांची असत. पुढे सगळीकडे बालभारती आली. शाळेची पुस्तके छापणे हा व्यवसाय मुळात सुरू कोणी केला, सरकारने की व्यापाऱ्यांनी?
— निवृत्त मुख्याध्यापक, कागल

उत्तर : महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या दोघांच्याही आधी एक संस्था उभी राहिली. तिला सरकारचा आश्रय होता, पण ती सरकारी खाते नव्हती. १८२२ साली मुंबईत ‘नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी’ स्थापन झाली आणि गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तिचे अध्यक्ष झाले. गावोगावच्या पंतोजींच्या शाळांत तोवर धुळपाटी, पाठांतर आणि मोडीचे खर्डे यांवरच शिक्षण चाले. नव्या शाळा काढायच्या ठरल्या, तर मुलांच्या हाती देण्यासारखे छापील मराठी पुस्तक जवळजवळ नव्हतेच. म्हणून या संस्थेच्या नावात शाळेच्या आधी पुस्तकाचा उल्लेख आला, आणि कामाचा क्रमही तोच राहिला. संस्थेचे एतद्देशीय चिटणीस सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ मध्ये निघाली. जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अधिकाऱ्याने गणिताच्या पुस्तकांचे काम अंगावर घेतले, आणि १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर स्वतंत्र शिक्षण खाते आले आणि शालेय पुस्तकांची भाषा तपासण्याचे काम मेजर थॉमस कँडी यांच्याकडे राहिले. मराठी गद्यात आज आपण सहज वापरतो ती विरामचिन्हे रुळण्यात या शालेय पुस्तकांचा वाटा मोठा आहे.

व्यापारी कंपन्या त्यानंतर आल्या. लंडनची लाँगमन ही १७२४ ची आणि मॅकमिलन ही १८४३ ची. या जुन्या पेढ्यांना हिंदुस्थानातील इंग्रजी शाळांत मोठी बाजारपेठ दिसली. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९१२ मध्ये मुंबईत शाखा उघडली. लाँगमनच्या येथील कारभारातून स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, ओरिएंट लाँगमन उभी राहिली. २००८ पासून तिचे नाव ओरिएंट ब्लॅकस्वान आहे. मराठी वाचनपुस्तके मात्र येथील लेखक-प्रकाशकांनीच घडवली. आचार्य अत्रे यांची ‘नवयुग वाचनमाला’ आपल्या पिढीच्या आधीच्या मुलांनी आवडीने वाचली, कारण मुलांशी मुलांच्या भाषेत बोलणारी पुस्तके तोवर विरळा होती.

कोल्हापूरकरांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी असे मला वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. या हुकुमाकडे आपण सामाजिक सुधारणा म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण ज्या घरांत कधीही पुस्तक आले नव्हते त्या घरांत ते याच हुकुमाने पोहोचले. मूल शाळेत येणे हे शासन ठरवते आणि त्या मुलाने कोणते पुस्तक वाचायचे हेही शाळा किंवा शासन ठरवते, असा हा व्यवसाय आहे. कादंबरीचा वाचक दुकानात येऊन चार पुस्तके चाळतो आणि एक निवडतो. पाठ्यपुस्तकाच्या गिऱ्हाइकाला ही निवड नसते. खाली येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाची मुळे याच वस्तुस्थितीत आहेत.

आपण म्हणता तो बदल १९६७ चा. शिक्षणविषयक कोठारी आयोगाचा अहवाल १९६६ मध्ये आला आणि २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच बालभारती, स्थापन झाले. एका यत्तेला राज्यभर एकच पुस्तक, तेही ना नफा ना तोटा या भावात, हा विचार गरीब पालकाच्या हिताचा होता. खासगी प्रकाशकांच्या हातून मात्र टप्प्याटप्प्याने वाचनमालाच गेली. काही पेढ्या त्यात मिटल्या, काही ललित पुस्तकांकडे वळल्या आणि काहींनी पाठ्यपुस्तकाच्या आजूबाजूची जागा धरली.

प्रश्न : आमचे पुस्तकांचे आणि वह्यांचे दुकान आहे. मूळ पाठ्यपुस्तक सरकार छापते, तरीही नवनीतसारखी कंपनी एवढी मोठी कशी झाली? त्यांचा खरा नफा कशात असतो?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आपण दुकानात बसता, त्यामुळे उत्तराचा अर्धा भाग आपल्या डोळ्यांसमोरच आहे. मुलाच्या हाती पाठ्यपुस्तक एक असते. त्याभोवती गाइड, ‘व्यवसाय’ म्हणजे सरावाच्या पुस्तिका, अपेक्षित प्रश्नसंच, निबंधाची पुस्तके, चित्रकलेच्या वह्या, नकाशे आणि साध्या वह्या असा सारा पसारा असतो. पाठ्यपुस्तकावर मंडळाचा अधिकार आला, तरी हा पसारा मोकळा राहिला.

नवनीतची सुरुवात गाला कुटुंबाने १९५९ मध्ये केली. महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये, दोन्हीकडे राज्य मंडळाचा एकच अभ्यासक्रम आणि मराठी, गुजराती, इंग्रजी ही माध्यमे, असे तिचे क्षेत्र राहिले. राज्यभर पुस्तक एकच असल्याने त्यावरचे एक गाइड तयार केले की ते कोल्हापुरापासून भंडाऱ्यापर्यंत जसेच्या तसे विकता येते. पूर्वी दहा प्रकाशकांची दहा वाचनपुस्तके होती, तेव्हा हे शक्य नव्हते. म्हणजे सरकारने पुस्तक एक केले आणि त्यामुळेच गाइडची बाजारपेठही एकसंध झाली. माझ्या मते महाराष्ट्राच्या शैक्षणिक प्रकाशनाच्या इतिहासातील ही सर्वांत कमी बोलली गेलेली गोष्ट आहे.

नफ्याचा विचार करताना वर्षाचे वेळापत्रक समोर ठेवावे. मजकूर हिवाळ्यात लिहून घ्यायचा, कागद जानेवारी-फेब्रुवारीत उचलायचा, मार्च ते मे छपाई आणि बांधणी करायची, मेअखेर गठ्ठे विक्रेत्यांकडे पोहोचवायचे आणि जून-जुलैत विक्री करायची. कागदवाल्याचे पैसे आधी द्यावे लागतात आणि दुकानदाराकडून ते दिवाळीपर्यंत येतात. शिवाय न खपलेला माल परत येतो. आपण स्वतः कंपनीला माल परत करता तेव्हा तो गठ्ठा पुढे कोठे जातो, हे पाहावे. अभ्यासक्रम तोच राहिला असेल तर वेष्टन बदलून तो पुढच्या जूनमध्ये उभा राहतो, आणि अभ्यासक्रम बदलला असेल तर थेट रद्दीत जातो. नवनीतसारख्या कंपनीचीही वर्षाची मोठी कमाई एप्रिल ते जून या तिमाहीत गोळा होते. एवढ्या अरुंद हंगामावर वर्षभराचे पगार आणि व्याज काढणे कठीण, म्हणून या कंपन्या वह्यांच्या धंद्यात शिरल्या. नवनीतच्या ‘युवा’ वह्या आपल्या दुकानात असतीलच. कंपनी कागदी स्टेशनरी परदेशातही पाठवते. वहीला अभ्यासक्रम नसतो आणि ती जुनीही होत नाही.

दुसरा मार्ग दुसऱ्या मंडळाकडे जाण्याचा असतो. राज्य मंडळाच्या शाळांतून मुले केंद्रीय मंडळाच्या शाळांकडे वळू लागली, तसे नवनीतने २०१६ मध्ये एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा भारतातील शालेय पुस्तकांचा व्यवसाय विकत घेतला. दिल्लीच्या एस. चंद या १९३९ च्या पेढीनेही हाच मार्ग धरला. आधी विकास पब्लिशिंग, मग न्यू सरस्वती हाऊस आणि २०१६ मध्ये बंगालमधील छाया प्रकाशनी यांत तिने पैसा घातला आणि २०१७ मध्ये शेअर बाजारात नोंदणी केली. एका राज्याचा अभ्यासक्रम बदलला तर दुसऱ्या राज्यातील विक्री आधार देते, हा त्यामागचा हिशोब असतो. जगभरातही हेच दिसते. ब्रिटनची पिअर्सन ही १८४४ मध्ये यॉर्कशायरमध्ये बांधकामाची कंपनी म्हणून सुरू झाली. तिने १९६८ मध्ये लाँगमन घेतली, पुढे २०१५ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ हे दैनिक विकून टाकले आणि सगळे लक्ष शिक्षणावर ठेवले. आता छापील पुस्तकांपेक्षा परीक्षा आणि संगणकीय अभ्याससाहित्य यांवर तिचा भर आहे.

प्रश्न : माझा एक मुलगा मराठी शाळेत आणि एक इंग्रजी शाळेत आहे. एकाची पुस्तके शाळेतून मोफत मिळतात, दुसऱ्याच्या संचाला काही हजार रुपये पडतात. कागद तोच, शाई तीच; मग एवढा फरक कसा?
— एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बालभारतीचे कोणतेही पुस्तक घ्या आणि मुखपृष्ठामागच्या पानावर समितीच्या नावांखाली बारीक अक्षरांत छापलेला मजकूर वाचा. तेथे ‘कागद : ७० जी.एस.एम. क्रीमवोव्ह’ अशी कागदाच्या वजनाची आणि प्रकाराची नोंद असते, मुद्रकाचे नाव असते आणि ‘मुद्रणादेश’ या शब्दापुढे एक क्रमांक असून त्यात कंसात छपाईच्या प्रतींचा आकडा असतो. तो आकडा अनेकदा लाखांत जातो. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या कंसात आहे.

हिशोब करून पाहू. डेमी आकाराच्या एका कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून १६ पाने बसतात. त्याला एक फर्मा म्हणतात. १६० पानांचे पुस्तक म्हणजे १० फर्मे. एका रीममध्ये ५०० कागद असतात, म्हणून १,००० प्रतींना वाया जाणारा कागद सोडून २० रीम कागद लागतो. प्रती वाढल्या की कागद त्याच प्रमाणात वाढतो, तेथे बचत नाही. प्लेटांचे गणित मात्र निराळे आहे. एका फर्म्याला एकरंगी छपाईत दोन आणि चाररंगी छपाईत आठ प्लेटा लागतात. म्हणजे आपल्या या पुस्तकाला चाररंगी छपाईत ८० प्लेटा झाल्या. त्या प्लेटा, अक्षरजुळणी, चित्रे, नकाशे, संपादन आणि मुद्रितशोधन हा खर्च १,००० प्रती छापल्या काय किंवा १ लाख छापल्या काय, जवळपास तेवढाच राहतो. लाख प्रतींवर तो वाटला की प्रतीमागे नगण्य होतो, हजारांवर वाटला की किमतीत दिसू लागतो.

उरलेले निम्मे उत्तर विक्रीच्या पद्धतीत आहे. समग्र शिक्षा योजनेतून पहिली ते आठवीच्या शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांना पुस्तके मोफत मिळतात आणि ती मंडळाच्या भांडारांतून तालुक्याला जातात. आपल्या विभागासाठी कोल्हापुरातच भांडार आहे. वाटेत कोणाला कमिशन द्यायचे नसते. खासगी प्रकाशकाला मात्र छापील किमतीतून घाऊक विक्रेता, किरकोळ दुकानदार, शाळांना मोफत दिलेल्या नमुना प्रती आणि शाळोशाळी फिरणारे प्रतिनिधी हे सगळे भागवावे लागते. पुष्कळ ठिकाणी शाळा ठरावीक दुकानातूनच संच घ्यायला लावते, आणि मग सवलतीचा जो भाग पालकापर्यंत यायला हवा तो मध्येच थांबतो. ही पद्धत मला अन्यायाची वाटते. आपण शाळेकडे पुस्तकांची नावे, प्रकाशक आणि आवृत्ती यांची यादी लेखी मागावी आणि संच उघड्या बाजारातून घ्यावा. ती यादी मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

कराचेही थोडे सांगतो. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर शून्य आहे, पण ज्या कागदावर ते छापले जाते त्यावर आहे. पुस्तक करमुक्त असल्याने कागदावर भरलेला कर प्रकाशकाला वजा करून मिळत नाही. तो किमतीत मिसळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये शालेय वह्यांवरचा कर शून्यावर आला, वह्यांच्या कागदाचाही आला, पण छपाईच्या इतर कागदावरचा १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. वही स्वस्त करून पुस्तकाचा कागद महाग करण्यामागचा विचार मला पटलेला नाही.

आणखी एका वाचकाने पाठ्यपुस्तकांतील कोऱ्या पानांबद्दल विचारले आहे. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून २०२३-२४ पासून पुस्तकांचे चार भाग करून त्यांत ‘माझी नोंद’ या शीर्षकाची कोरी पाने घातली गेली. मुले वह्या आणतच राहिली, पुस्तकांची जाडी आणि कागदाचा खर्च मात्र वाढला, आणि २०२५ मध्ये शासनाने तो निर्णय मागे घेतला.

प्रश्न : मी वरिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. एका प्रकाशकाने नव्या अभ्यासक्रमावर मराठीतून पुस्तक लिहायला सांगितले आहे. करारात ‘सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे’ असे वाक्य आहे आणि मोबदला एकरकमी आहे. सही करावी का?
— प्राध्यापिका, कोल्हापूर

उत्तर : करार आहे तसा सही करू नये. आधी त्यात काय सुधारून घ्यायचे ते पाहा.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपण स्वतंत्रपणे लिहिलेल्या पुस्तकाच्या पहिल्या मालक आपण असता, आणि तो हक्क आपल्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कायद्याच्या १९ व्या कलमात एक तरतूद आहे, ती लेखकांना फारशी ठाऊक नसते. हक्क किती काळासाठी दिला हे करारात लिहिले नसेल, तर तो ५ वर्षांसाठी दिला असे धरले जाते. कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल, तर भारतापुरता धरला जातो. दिलेला हक्क प्रकाशकाने एका वर्षात वापरलाच नाही, तर तेवढा हक्क लेखकाकडे परत येतो, मात्र करारात वेगळे लिहिलेले नसेल तरच. म्हणून ‘कायमचे’ हा एक शब्द त्या कागदावर फार महाग आहे. त्या जागी ‘या अभ्यासक्रमाच्या मुदतीपुरते’ किंवा ५ वर्षे असे घालून घ्यावे. अनुवादाचे, ई-पुस्तकाचे आणि ध्वनिपुस्तकाचे हक्क वेगळे लिहून घ्यावेत. एकरकमी मोबदलाच घ्यायचा असेल तर तो पहिल्या आवृत्तीपुरता घ्यावा आणि पुढच्या आवृत्त्यांवर छापील किमतीच्या टक्केवारीने मानधन मागावे. आवृत्ती किती प्रतींची, हा आकडाही करारात असावा.

पुस्तकात इतरांचे उतारे घेणार असाल, तर शैक्षणिक संकलनांसाठी कायद्यात जी सूट आहे तिलाही मर्यादा आहे: एकाच लेखकाचे दोनपेक्षा अधिक उतारे एकाच प्रकाशकाला ५ वर्षांत तसे घेता येत नाहीत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, दिल्लीतील राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या अन्य ग्रंथालयांना प्रत पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. आपण स्वतः पाठपुरावा करावा, कारण शैक्षणिक पुस्तकांच्या बाबतीत हे काम सर्रास राहून जाते आणि वीस वर्षांनी त्या पुस्तकाचा मागमूस राहत नाही.

आपल्या पत्रात ‘मराठीतून पुस्तक निघाले तरी ते कोण घेणार’ अशी शंका आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले, तेव्हापासून कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या ग्रामीण भागातील मुले कला आणि वाणिज्य शाखांत मोठ्या संख्येने मराठीतून शिकत आली. त्यांच्यासाठी कोल्हापूरच्या फडके प्रकाशनासारख्या पेढ्यांनी सामाजिक शास्त्रांची पुस्तके मराठीत काढली, विद्यापीठानेही दूरशिक्षणासाठी स्वयंअध्ययनाची पुस्तके छापली. ती वाचूनच गावोगावचे शिक्षक, तलाठी, बँक कर्मचारी घडले. तेव्हा वाचक आहे. त्याला हवे आहे ते नेटके संपादन केलेले पुस्तक, आणि दुर्दैवाने अनेक प्रकाशक खर्च वाचवायचा म्हटला की पहिली कात्री संपादनावर चालवतात. आपण करारात मुद्रितशोधनाच्या किमान दोन फेऱ्या आणि शेवटची प्रुफे आपल्या सहीशिवाय छपाईला जाणार नाहीत, अशी अट अवश्य घाला. ताळेबंदाच्या उदाहरणात एक आकडा चुकला, तर परीक्षेच्या आदल्या रात्री ते गणित सोडवणारी मुलगी स्वतःलाच मठ्ठ समजू लागते.

प्रश्न : आमचा ऑफसेट छपाईचा छोटा व्यवसाय आहे. दुसऱ्यांची गाइडे छापण्याऐवजी शिष्यवृत्ती परीक्षेची आणि शालेय सरावाची पुस्तके स्वतःच काढावीत असे वाटते. पाठ्यपुस्तकावरून प्रश्नोत्तरे काढायला परवानगी लागते का? भांडवल किती अडकते?
— एक तरुण मुद्रक, इचलकरंजी

उत्तर : परवानगीचे आधी पाहू. पाठ्यपुस्तकाच्या त्याच पानावर असेही छापलेले असते की मंडळाच्या संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय पुस्तकातील कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. गाइडांबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये ऑक्सफर्ड आणि नरेंद्र पब्लिशिंग हाऊस यांच्या खटल्यात एक महत्त्वाचा निर्णय दिला. तो गणिताच्या पुस्तकाबद्दल होता. पाठ्यपुस्तकातील गणिते घेऊन ती सोडवण्याच्या पायऱ्या स्वतः मांडणारे गाइड हे त्या परिस्थितीत हक्कभंग ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण या निर्णयाच्या भरवशावर मराठीच्या पुस्तकातील कविता किंवा धडा जसाच्या तसा छापणे धोक्याचे आहे. चित्रे आणि नकाशे तर अजिबात उचलू नयेत. मंडळाकडे रीतसर अर्ज करावा आणि पहिल्या पुस्तकाआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. छपाई झाल्यावर नोटीस आली, तर छापलेले सगळे गठ्ठे अडकून पडतात.

आता भांडवल. मुद्रक म्हणून आपली मोठी जमेची बाजू ही, की यंत्र घरचे आहे. मोठे प्रकाशक प्रतीमागचा खर्च कमी करण्यासाठी एकदम मोठी आवृत्ती छापतात. आपण पहिल्या वर्षी लहान आवृत्ती छापून मागणी आली की पुन्हा यंत्र लावू शकता. तसेच करावे. मुद्रकाला काम दिले की पैसे मिळतात, प्रकाशकाला मात्र माल खपला की मिळतात, आणि या दोन्हींच्या मधे एक पूर्ण पावसाळा असतो. छपाईचा चालू व्यवसाय आणि प्रकाशन यांची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.

शिष्यवृत्तीचा विषय आपण नीट निवडला आहे. आपल्या जिल्ह्यात या परीक्षेची तयारी शिक्षक जीव ओतून करून घेतात, शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशीही. त्यामुळे येथे सरावाच्या पुस्तकाला जाणकार गिऱ्हाईक आहे. पण याच परीक्षेच्या इतिहासात धोकाही आहे. ती पूर्वी चौथी आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला गेली. आणि २०२५ मध्ये पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचा निर्णय झाला. मुले तीच, शिक्षक तेच, बुद्धिमत्ता चाचणीचे प्रकारही बरेचसे तेच, तरीही मुखपृष्ठावर यत्ता छापलेले पुस्तक बाद झाले. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार राज्याची पुस्तकेही २०२५-२६ च्या पहिलीपासून टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. ज्या यत्तेचे पुस्तक पुढच्या वर्षी बदलणार, त्या यत्तेचे गाइड यंदा काढू नये, हा नियम आपण कटाक्षाने पाळावा. यत्तेला न बांधलेली पुस्तके, म्हणजे बुद्धिमत्ता चाचणी, शुद्धलेखन, पाढे आणि अंकगणिताचा सराव, यांपासून सुरुवात केली तर शासनाच्या एका निर्णयाने सारे भांडवल बुडत नाही.

मजकूर कोणाकडून लिहून घ्यायचा, हे आपण विचारलेले नाही, पण सांगतो. आजऱ्यात, भुदरगडात, राधानगरीत वर्षानुवर्षे शिष्यवृत्तीचे वर्ग घेणारे शिक्षक आहेत आणि त्यांच्या हस्तलिखित वह्यांत बाजारातील पुस्तकांपेक्षा सरस प्रश्न असतात. शासकीय किंवा अनुदानित शाळेतील शिक्षकाला अशा कामासाठी वरिष्ठांची परवानगी लागते, ती आधी घ्यायला सांगा. त्यांना योग्य मानधन द्या आणि पुस्तकावर त्यांचे नाव ठळक छापा. नाव न छापता शिक्षकांकडून मजकूर घेण्याची जी रीत या धंद्यात पडली आहे, ती आपण चालवू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : घर पाडताना माळ्यावर आजोबांची जुनी क्रमिक पुस्तके, काही मोडी वाचनपुस्तके आणि दोन-तीन जुन्या वाचनमालांचे भाग सापडले. बरीच फाटलेली आहेत. यांचा काही उपयोग आहे का, की रद्दीत द्यावीत?
— एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : रद्दीत मुळीच देऊ नयेत. शालेय पुस्तके लाखोंनी छापली जातात आणि नेमकी तीच सर्वांत कमी शिल्लक राहतात, कारण ती वापरून फाटतात, धाकट्या भावंडाकडे जातात आणि शेवटी दुकानात पुडी बांधायला जातात. अलीकडच्या पुस्तकांची अडचण नाही. बालभारतीची सध्याची पाठ्यपुस्तके मंडळाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंकही पाहायला मिळतात. आपल्याकडे आहेत ती पुस्तके १९६७ च्या आधीची दिसतात, आणि त्या काळातील खासगी प्रकाशकांचा इतिहास बहुतांशी अशा घरांतल्या प्रतींवरच अवलंबून आहे.

प्रथम पुस्तके कोरड्या मऊ ब्रशने झटका. चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक कागद जाळतो. मुखपृष्ठ नसले तरी शीर्षकपान, किंमत, आवृत्ती, मुद्रणालयाचे नाव आणि ‘शिक्षण खात्याने मंजूर’ असा मजकूर असलेले पान यांची छायाचित्रे काढा. समासात कोणी नाव, शाळा किंवा तारीख लिहिली असेल तर ती खोडू नका. त्यानंतर १८५० पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात यादी घेऊन जा आणि त्यांच्याकडे कोणती पुस्तके नाहीत ते विचारा. देणगी दिलीत तर पोच घ्या आणि पुस्तकांवर आजोबांचे नाव व गाव नोंदवायला सांगा. मोडी पुस्तके वेगळी ठेवा. ती वाचू शकणारी माणसे कोल्हापुरात अजून आहेत आणि त्यांना ती आधी दाखवावीत.